बाटली कशी भरली, ते आधी सांगा

वाचकांचे प्रश्न : पाणी, प्रयोगशाळा आणि धोरण

या वेळच्या पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे : पाण्याचा अहवाल हातात आहे, पण त्यावर विश्वास ठेवायचा की नाही? पत्रं जागेअभावी छाटली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : अमेरिकेतल्या फ्लिंट शहराच्या पाण्यात शिसं असल्याचं एका विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी दाखवून दिलं, असं वाचलं. तिथे सरकारी तपासणीही नियमित होत होती. मग सरकारला जे सापडलं नाही ते प्राध्यापकांना कसं सापडलं? त्यांच्याकडे जास्त महागडं यंत्र होतं का?
— निवृत्त शिक्षक, सांगली

यंत्राचा प्रश्नच नव्हता. शिसं मोजायला दोन्हीकडची यंत्रं पुरेशी होती. फरक बाटली भरण्यात होता.

आधी थोडक्यात हकिकत. मिशिगन राज्यातल्या फ्लिंटने 25 एप्रिल 2014 रोजी डेट्रॉईटकडून येणारं ह्युरॉन सरोवराचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी वापरायला सुरुवात केली. उद्देश पैसे वाचवण्याचा. डेट्रॉईटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घातलेलं असे. ते शिशाच्या जुन्या जोडनळ्यांच्या आतल्या बाजूला शिशाच्या फॉस्फेटचा पातळ, न विरघळणारा थर धरतं आणि पाणी धातूला भिडत नाही. फ्लिंटने पाणी बदललं तेव्हा हे रसायन घालणं बंदच झालं. त्यात नदीच्या पाण्यात क्लोराइड मुळातच जास्त, आणि गाळ बसवायला वापरलेल्या फेरिक क्लोराइडने ते आणखी वाढलं. ऑक्टोबर 2014 मध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून हे पाणी घेणं थांबवलं. शहराला मात्र ते पुढे वर्षभर प्यावं लागलं.

आता बाटलीकडे येऊ. शिसं उगमाच्या पाण्यात नसतं, शुद्धीकरण केंद्रातही नसतं. ते घराच्या नळीत आणि तोटीत पाणी मुरत राहिलं की उतरतं. म्हणून अमेरिकेच्या 1991 च्या नियमाप्रमाणे किमान 6 तास नळ न उघडता, सकाळचं पहिलं 1 लिटर पाणी घ्यायचं. फ्लिंटमध्ये रहिवाशांना दिलेल्या सूचनेत मात्र आदल्या रात्री नळ काही मिनिटं वाहू द्या, असं लिहिलेलं होतं. त्याने जोडनळीत साचलेलं, शिसं मुरलेलं पाणी आणि सुटे कण दोन्ही निघून जातात. रात्रभर नळीत राहतं ते तुलनेने ताजं पाणी. दुसरी खोच म्हणजे अरुंद तोंडाची बाटली. तिच्यात पाणी भरताना नळ बारीक सोडावा लागतो, आणि बारीक धारेत नळीच्या कडेचे कण सुटत नाहीत. धो-धो सोडलेल्या नळात ते सुटतात, आणि लोक पातेलं भरताना नळ धो-धोच सोडतात.

व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2015 च्या ऑगस्टमध्ये सुमारे 300 घरांना संच पाठवले. प्रत्येक संचात तीन बाटल्या होत्या : 6 तासांच्या विश्रांतीनंतरचं पहिलं 1 लिटर, 45 सेकंद नळ सोडल्यावरचं 500 मिलिलिटर आणि 2 मिनिटांनंतरचं 125 मिलिलिटर. या तीन बाटल्यांत सगळी अक्कल आहे. पहिलीत शिसं आणि दुसरीत नाही, तर दोष तोटीचा किंवा घरातल्या फिटिंगचा. दुसरीत जास्त, तर रस्त्यापासून घरापर्यंतच्या जोडनळीचा. तिसरीतही असेल, तर ‘जरा वेळ नळ सोडा आणि मग प्या’ हा सल्ला त्या घरापुरता निरुपयोगी.

परत आलेल्या 252 संचांवरून 90 वा शतमानक 25 पीपीबी (लिटरला 25 मायक्रोग्रॅम) निघाला. कायद्याची कृतिमर्यादा, म्हणजे जिच्यापुढे उपाय करावेच लागतात ती, 15 होती. शहराचा त्याच वर्षाचा आकडा होता 11.

हा 11 कसा आला, तेही पाहण्यासारखं आहे. शहराकडे 71 नमुने होते. 90 वा शतमानक म्हणजे सगळे आकडे उतरत्या क्रमाने लावले की वरून साधारण आठवा. तो 18 येत होता. मग 104 आणि 20 पीपीबीचे दोन नमुने ‘निकषात बसत नाहीत’ म्हणून वगळले गेले. उरले 69. आता आठवा नमुना म्हणजे मूळ यादीतला दहावा, आणि तो होता 11. दोन बाटल्या बाजूला काढल्या आणि शहर कायद्यात बसलं. शतमानकाच्या टोकाशी आकडे विरळ असतात, म्हणून तिथला एकेक नमुना भारी पडतो. आपल्याकडे कुठल्याही अहवालात ‘इतके नमुने विचारात घेतले नाहीत’ असं वाक्य दिसलं, तर ते कोणते आणि कितीचे, हे विचारल्याशिवाय पान उलटू नये.

सप्टेंबर 2015 मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे मांडले. डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं असलेल्या मुलांचं प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 4.9 वर गेलं होतं. नळ आणि रक्त एकच सांगू लागल्यावर पळवाट उरली नाही. 16 ऑक्टोबरला शहर पुन्हा डेट्रॉईटच्या पाण्यावर आलं. फेब्रुवारी 2016 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने लेखी कळवलं की आदल्या रात्री नळ वाहू देऊ नका, तोटीची जाळी काढू नका, रुंद तोंडाची बाटली द्या. 2024 च्या सुधारित नियमात तर पहिल्याबरोबर पाचवं लिटरही मोजायला सांगितलं आहे, कारण जोडनळीतलं पाणी साधारण तिथे येतं. प्राध्यापकांच्या संशोधनातून धोरण बदललं असं आपण म्हणतो, तेव्हा ते असं बदलतं : सूचनापत्रातली तीन वाक्यं.

प्रश्न : मग आमच्या घरातही शिसं असेल का?
— गृहिणी, डोंबिवली

शिशाच्या जोडनळ्या आपल्याकडे सर्रास नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी (जीआय) आणि प्लास्टिकच्या आहेत. शिसं येऊ शकतं ते स्वस्त पितळी तोट्यांतून, डाखातून आणि जुन्या पीव्हीसी पाइपमधून. पीव्हीसीत स्थिरकारक म्हणून शिशाचे क्षार घालत. ते हटवण्याचे नियम 2021 मध्ये आले. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 10 पीपीबी. तपासायचंच असेल तर सकाळचं पहिलं पाणी एका बाटलीत आणि 2 मिनिटांनंतरचं दुसऱ्या बाटलीत द्या, एकच बाटली देऊ नका. अहवाल येईपर्यंत पहिलं पाणी भांडी-फरशीला वापरा, आणि गीझरचं पाणी स्वयंपाकात घेऊ नका, कारण गरम पाण्यात धातू लवकर उतरतो. उकळून शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं राहतं.

प्रश्न : आमच्या गावच्या विहिरीत जलसुरक्षक रोज टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात, तरी क्लोरीन पाहण्याच्या ओटी टेस्टला नळाच्या पाण्यात पिवळा रंग येत नाही. पावडर कमी पडते की खराब आहे? विहिरीचा व्यास 6 मीटर, पाणी 4 मीटर.
— ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा

दोन्ही शक्य आहे. तिसरी शक्यता म्हणजे पाणीच क्लोरीन खाऊन टाकतं. अंदाज बांधण्यापेक्षा अर्ध्या तासात कळेल असा उपाय आहे.

आधी पाणी किती ते काढू. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची उंची गुणिले 0.785. म्हणजे 6 × 6 × 4 × 0.785 = 113 घनमीटर, एक लाख तेरा हजार लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम या नेहमीच्या हिशेबाने 565 ग्रॅम पावडर लागते. हा हिशेब पावडरीत 25 टक्के क्लोरीन आहे आणि पाणी स्वच्छ आहे असं धरून केलेला आहे. उघड्या पोत्यातली, ओलसर खोलीत भिंतीला टेकून ठेवलेली पावडर आठवड्यागणिक उतरते. क्लोरीन 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर अयोग्य धरतात. तिचा नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवता येतो. पाठवताना पोत्याच्या वरच्या थरातून घेऊ नका, मधून घ्या.

आता चाचणी. गावात आहे तीच टीसीएल 10 ग्रॅम घ्या आणि 1 लिटर पाण्यात कालवा. चुना खाली बसू द्या. चार स्वच्छ प्लास्टिकच्या बादल्यांत विहिरीचं 10-10 लिटर पाणी घ्या. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सिरिंजने वरचं नितळ द्रावण पहिल्या बादलीत 2 मिली, दुसरीत 4, तिसरीत 6, चौथीत 8 सोडा. ढवळा, झाका, अर्धा तास थांबा. मग प्रत्येक बादलीची ओटी टेस्ट करा. ज्या सर्वांत कमी मात्रेच्या बादलीत 0.5 चा (लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीनचा) पिवळा रंग येईल, ती तुमची मात्रा. हिशेब असा जमवला आहे की जितके मिली, तितके ग्रॅम टीसीएल हजार लिटरला. तिसऱ्या बादलीत रंग आला तर हजार लिटरला 6 ग्रॅम, म्हणजे तुमच्या विहिरीला 6 × 113, साधारण 680 ग्रॅम. पावडर किती टक्क्यांची हे माहीत असण्याची गरजच पडत नाही, कारण मोजणी त्याच पावडरीने झाली. चारही बादल्या कोऱ्या राहिल्या, तर पावडर मेलेली आहे किंवा पाण्यात सेंद्रिय घाण, अमोनिया भरपूर आहे. कोणतं ते ओळखायला हाच प्रयोग एका बादलीत स्वच्छ, क्लोरीन नसलेल्या किंवा बाटलीबंद पाण्यावर करा. तिथे रंग आला तर पावडर निर्दोष, विहीर दोषी.

पावडर थेट विहिरीत फेकू नये. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. थोड्या पाण्यात आधी लगदा करा, मग बादली पाऊण भरा, 10 मिनिटं चुना बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि ती बादली दोराने विहिरीत बुडवून वरखाली हलवा. चुन्याचा गाळ विहिरीत टाकला तर पाणी जड होतं. टीसीएल टाकल्यावर निदान तासभर पंप बंद. बहुतेक गावांत इथेच गडबड होते : पहाटे पावडर पडते आणि दहाव्या मिनिटाला मोटर सुरू. गावात उंच टाकी असेल तर मात्रा टाकीत देणं कधीही बरं. विहिरीत टाकलेला क्लोरीन झाडपाला, शेवाळ आणि ऊन यांतच अर्धा संपतो.

ओटी टेस्टबद्दल. थेंब टाकल्यावर 10 सेकंदांच्या आत जो रंग दिसतो तो मुक्त क्लोरीनचा. नंतर गडद होत जातो तो संयुक्त (अमोनियाशी जोडल्या गेलेल्या) क्लोरीनचा, आणि तो जंतू मारायला फार दुबळा. वहीत 0.5 लिहिलेलं असतं, पण ते पाच मिनिटांनी वाचलेलं असलं तर त्याला अर्थ नाही. ओटीतलं ऑर्थोटोलिडीन कर्ककारक असल्याचा संशय आहे. म्हणून तपासलेलं पाणी परत टाकीत ओतू नका आणि शक्य असेल तिथे गुलाबी रंग देणाऱ्या डीपीडी गोळ्या वापरा. डीपीडीलाही एक खोड आहे. क्लोरीन फारच जास्त असलं की गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि पाणी कोरं दिसतं. शंका आली तर नमुना साध्या, क्लोरीन नसलेल्या पाण्याने पाचपट पातळ करून पुन्हा पाहा.

आणि टेस्ट कुठे करता? टाकीजवळच्या पहिल्या घरात 0.5 आलं म्हणजे गाव सुरक्षित असं नाही. शेवटच्या वस्तीवरच्या नळाला किमान 0.2 यायला हवं. टाकीजवळ आहे आणि टोकाला नाही, तर बहुधा मधल्या पाइपलाइनला गळती आहे. एक वेळ पाणी येणाऱ्या गावात उरलेले 22 तास त्या पाइपात हवा आणि गटाराचं पाणी शिरत असतं. तिथे टीसीएल वाढवून भागत नाही, खड्डा खणावा लागतो.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत टँकर येतात. 2025 च्या जानेवारीतल्या जीबीएसच्या (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराच्या) साथीपासून सगळे धास्तावले आहेत. 20,000 लिटरच्या तळटाकीत द्रव क्लोरीन किती टाकायचं?
— सोसायटीचे सचिव, पुणे

बाजारात मिळतं ते सोडियम हायपोक्लोराइट, बहुधा 10 टक्क्यांचं. 20,000 लिटरला लिटरमागे 1 मिलिग्रॅम म्हणजे 20 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे 200 मिली द्रव. टँकरच्या पाण्याची भूक जास्त असते, त्यामुळे 400 मिलीपासून सुरुवात करा. टँकर रिकामा होत असतानाच धारेत सोडा, म्हणजे ढवळण्याचं काम पाणीच करतं. अर्ध्या तासाने मोजा, 0.5 हवं. कमी आलं तर 100-100 मिलीने वाढवा आणि कोणत्या टँकरला किती लागलं ते वहीत लिहा. महिन्याभरात तीच वही टँकरवाल्याशी बोलताना उपयोगी पडेल : एकाच्या पाण्याला नेहमी 400 पुरतं आणि दुसऱ्याच्या पाण्याला 900 लागतं, तर दुसऱ्याचा उगम विचारायला हवा.

कॅन उन्हात ठेवू नका. गच्चीवर ठेवलेलं 10 टक्क्यांचं द्रव महिना-दोन महिन्यांत बरंच उतरतं. ॲसिडजवळ तर मुळीच नको. संडास धुण्याचं ॲसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तळटाकीचं झाकण उघडून वाकलेल्या माणसाला तो थेट लागतो.

बोअरचं पाणी मिसळत असाल तर त्याचा सामू (पीएच) पाहा. सामू 7.5 असताना साधारण निम्मा क्लोरीन प्रभावी रूपात असतो, 8.5 ला जेमतेम दहावा हिस्सा. आकडा 0.5 दिसतो, काम मात्र होत नाही.

प्रश्न : टीडीएस मीटरवर 90 आलं. पाणी पिण्यायोग्य ना?
— एक वाचक, नाशिक

तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि एका ठरीव गुणकाने टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, दाखवतो. शिसं मर्यादेच्या दहापट असलं तरी लिटरला 0.1 मिलिग्रॅमच होतं. 90 चं 90.1 होईल आणि मीटरला कळणारही नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. पाण्याची चव आणि फिल्टरच्या पडद्याची तब्येत पाहायला तो ठीक, त्यापलीकडे नाही.

प्रश्न : एकाच विहिरीचं पाणी दोन प्रयोगशाळांत दिलं. एकीने नायट्रेट 28 लिहिलं आणि ‘योग्य’ म्हटलं, दुसरीने 124 लिहिलं आणि ‘अयोग्य’. घरात दोन महिन्यांचं बाळ आहे. कोण खोटं?
— शेतकरी, जळगाव जिल्हा

कदाचित कुणीच नाही. 28 ला 4.43 ने गुणा, 124 येतात. पहिल्या प्रयोगशाळेने नायट्रेट ‘नायट्रोजनच्या रूपात’ दिलं असावं, दुसरीने पूर्ण नायट्रेट म्हणून. भारतीय मानकाची 45 ही मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे. नायट्रोजनच्या रूपात ती सुमारे 10 होते. पहिल्या प्रयोगशाळेने नायट्रोजनचा आकडा 45 शी ताडला आणि ‘योग्य’ असा शिक्का मारला. आकडा बरोबर, निष्कर्ष चूक. तुमचं पाणी अयोग्यच आहे, जवळपास तिप्पट. या मर्यादेत ‘दुसरा स्रोत नसल्यास इतकं चालेल’ अशी सूटही मानकाने ठेवलेली नाही.

बाळाला हे पाणी देऊ नका, वरच्या दुधात किंवा पावडरीतही नको. लहान बाळांत नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडतात; तसं दिसलं तर वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या. पाणी उकळून उपयोग नाही, उलट आटल्यावर नायट्रेट घट्ट होतं. टीसीएलनेही जात नाही. आरओने बरंचसं जातं, पण आधी दुसरं पाणी शोधणं स्वस्त. आणि विहिरीच्या वरच्या अंगाला गोठा, उकिरडा, शोषखड्डा किंवा युरियाचा मारा आहे का ते पाहा. बहुधा त्यातलं एक सापडतंच.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तालुक्यातल्या 40 विहिरींचं पाणी तपासणार आहे. मार्गदर्शक म्हणतात, ‘आयन बॅलन्स’ दाखव. तो का?
— विद्यार्थिनी, नांदेड

कारण तो प्रयोगशाळेच्या चुका पकडतो, आणि तुमच्याही. पाणी विद्युतदृष्ट्या तटस्थ असतं. धन आणि ऋण भारांची बेरीज जुळलीच पाहिजे. त्यासाठी प्रत्येक आयनाचे (भारित कणाचे) लिटरमागचे मिलिग्रॅम त्याच्या तुल्यभाराने भागायचे. वरच्या पत्रातल्यासारखी विहीर घेऊन करून पाहू. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत.

कॅल्शियम 80 भागिले 20 = 4.0. मॅग्नेशियम 36.5 भागिले 12.15 = 3.0. सोडियम 92 भागिले 23 = 4.0. पोटॅशियम 3.9 भागिले 39 = 0.1. बेरीज 11.1.

बायकार्बोनेट 366 भागिले 61 = 6.0. क्लोराइड 71 भागिले 35.5 = 2.0. सल्फेट 48 भागिले 48 = 1.0. नायट्रेट 124 भागिले 62 = 2.0. बेरीज 11.0.

फरक 0.1, एकूण 22.1 मध्ये अर्ध्या टक्क्याहून कमी. 5 टक्क्यांच्या आत म्हणजे उत्तम. आता नायट्रेटच्या रकान्यात चुकून 28 लिहा. 28 भागिले 62 होतात 0.45, ऋण बेरीज 9.45, आणि फरक 8 टक्क्यांवर जातो. चूक तिथेच पकडली जाते. पण नायट्रेट कमी असलेल्या विहिरीत हीच चूक 5 टक्क्यांत लपून जाईल, तेव्हा ताळेबंद जुळला म्हणजे सगळं बरोबर असं समजू नका. तसंच फ्लोराइड, शिसं, आर्सेनिक यांचे आकडे इतके लहान असतात की ताळेबंदात ते दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी दर दहा नमुन्यांमागे एक दुबार नमुना आणि एक कोरी बाटली ठेवा. कोरी बाटली म्हणजे प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी शेतावर नेऊन, तिथे उघडून, बाकीच्यांसारखंच हाताळून परत आणलेलं. तिच्यात धातू निघाला तर तो विहिरीचा नाही, तुमच्या बाटलीचा किंवा आम्लाचा आहे.

सामू, तापमान, विद्युतवाहकता आणि उरलेला क्लोरीन विहिरीवरच मोजा. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल टाकून सामू 2 च्या खाली आणा, नाहीतर लोह आणि शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटतं. पण तीच आम्लवाली बाटली नायट्रेटला देऊ नका. नायट्रिक आम्लात नायट्रेटच असतं. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते. जंतूंची बाटली निर्जंतुक हवी आणि क्लोरीन असलेल्या पाण्यासाठी तिच्यात सोडियम थायोसल्फेट हवं. ते नसेल तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन बाटलीतले जंतू मारत राहतो आणि अहवाल प्रत्यक्षापेक्षा चांगला येतो. ती बाटली बर्फात ठेवा आणि शक्यतो 6 तासांत पोचवा.

बोअर असेल तर वाहकता स्थिर होईपर्यंत पाणी उपसा. तोपर्यंत येतं ते पाइपात मुरलेलं पाणी, भूजल नव्हे. फ्लिंटमध्ये नळी वाहू देणं चूक होतं आणि इथे न वाहू देणं चूक आहे. प्रश्न कशाबद्दल आहे त्यावर ते ठरतं.

काळ्या पडणाऱ्या एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) बाटल्यांबद्दलही विचारलं आहे. ती चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये मांडली, आणि गावपातळीवर आजही ती कामाची आहे. पाणी 24 ते 48 तासांत काळं झालं तर विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची शंका घ्यायची. मात्र ज्या बोअरच्या पाण्याला मुळातच कुजक्या अंड्याचा वास आहे, ते जंतूंशिवायही काळं होतं. प्रबंधात ही चाचणी विहिरी चाळून काढायला वापरा, अंतिम आकडा म्हणून नको.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी नाल्याचं पाणी तपासलं. बीओडी (घाण कुजवताना जंतूंना लागणारा प्राणवायू) मर्यादेच्या कितीतरी वर आली. तक्रार केली, तर ‘हा अहवाल ग्राह्य नाही’ असं उत्तर. संशोधनाला किंमतच नाही का?
— कार्यकर्ता, कोल्हापूर जिल्हा

उत्तर उद्धट वाटलं तरी कायद्याला धरून असू शकतं. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम 21 पाहा. सांडपाण्याच्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालायचा असेल, तर नमुना घेताना तिथल्या तिथे जागेच्या ताबेदाराला नोटीस द्यावी लागते. त्याने मागितलं तर त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून, डब्यांत भरून, खुणा आणि सील करून दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. हे अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाने नेमलेल्या माणसाला आहेत. प्राध्यापक कितीही निष्णात असले तरी त्यांच्या बाटलीला ते कवच नाही.

म्हणून त्यांच्या अहवालाकडून शिक्षेची अपेक्षा करू नका. त्याच्या जोरावर मंडळाला नमुना घ्यायला लावा. त्यासाठी अहवालात चार गोष्टी असू द्या. जागा : नाल्यात सांडपाणी मिसळतं त्याच्या वर एक आणि खाली एक, दोन्ही ठिकाणचे आकडे, कारण वरचा नसेल तर ‘घाण मागूनच येते’ हे उत्तर तयार असतं. वेळ : तारीख आणि घड्याळ, कारण मंडळाचा माणूस सकाळी 11 ला येतो आणि नाला रात्री 2 ला रंग बदलत असेल, तर तुमच्या तक्रारीत रात्री 2 असायला हवं. पद्धत : बीओडी आपल्याकडे 27 अंश सेल्सिअसला 3 दिवसांची मोजतात, महाविद्यालयाने परदेशी पुस्तकाप्रमाणे 20 अंशाला 5 दिवसांची मोजली असेल, तर तसं स्पष्ट लिहा, कारण मर्यादा 3 दिवसांच्या आकड्याला लागू आहे. आणि जतन : विरघळलेला प्राणवायू मोजण्याची बाटली काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-ॲझाइड घालून ‘बांधली’ होती का, बीओडीची बाटली बर्फात होती का. बांधणी न करता बाटली दोन तास दुचाकीच्या डिकीत फिरली असेल, तर प्राणवायूचा आकडा नाल्याचा नसतो, डिकीचा असतो.

एकाच वेळच्या एका बाटलीऐवजी 24 तासांत दर 3 तासांनी घेतलेले आठ नमुने ठेवा, ते वेगळे मोजा, एकत्र करू नका. एकत्र केलं की रात्रीचा लोंढा सरासरीत बुडतो.

यानंतर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, पण ‘अहवालाची प्रत द्या’ एवढंच मागू नका. नमुना नोंदवही मागा : नमुना कोणत्या ठिकाणी, किती वाजता घेतला, प्रयोगशाळेत किती वाजता पोचला, तापमान किती होतं, विश्लेषण कोणत्या तारखेला सुरू झालं. फ्लिंटच्या प्रकरणात एडवर्ड्स यांच्या गटाने तिथल्या माहिती-कायद्याखाली कागदपत्रं मागवली, तेव्हाच आकडा कसा बसवला गेला ते उघड झालं. तुमच्या अर्जाला ‘नोंदवही उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, तर तेही लेखी घ्या आणि पहिल्या अपिलाला जोडा. अपिलासाठी मुदत 30 दिवसांची आहे.